स्किल मॅट्रिक्समधला जादा रकाना

माणसांना उमेद देण्याच्या कामालाही आमच्या धंद्यात कलम-नंबर आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर मोठे ग्राहक दारात उभं करत नाहीत. २०१६ साली आलेल्या या मानकातलं ७.३.२ हे कलम कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन आणि अधिकार देण्याबद्दल आहे. ऑडिटर येतो, ‘सेव्हन पॉइंट थ्री पॉइंट टू, एव्हिडन्स?’ एवढंच विचारतो आणि एचआरवाले फाइल पुढं सरकवतात. फाइलीत कँटीनमधल्या व्याख्यानाचे फोटो, हजेरीचा कागद, ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ स्टीलचा डबा स्वीकारताना, सुरक्षा सप्ताहातल्या घोषणा स्पर्धेचा निकाल. ऑडिटर टिक करतो, चहा येतो. कलम खरं तर शहाणं आहे. लोकांनी सुधारणा सुचवाव्यात, नवं काही करून बघावं असं वातावरण ठेवा, अशी त्याची मागणी आहे. पण वातावरणाचा फोटो काढता येत नाही, डब्याचा येतो.

मी भोसरी एमआयडीसीतल्या अशाच एका मध्यम कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. लातूरकडून आयटीआय टर्नर करून आलो, ऑपरेटर झालो, सेटर म्हणजे मशीनची जुळणी लावून देणारा झालो आणि एका दिवाळीनंतर लाइन हातात आली. लाइन म्हणजे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला लागणारे फ्लँज, मधोमध भोक असलेले गोल भाग. दोन सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर टर्निंग, पुढं व्हीएमसी या दुसऱ्या संगणकी मशीनवर ड्रिलिंग-टॅपिंग (भोकं आणि आटे), मग डीबरिंग, म्हणजे कडांवरची कुसळं काढणं, आणि शेवटी तपासणी. माणसांत थोडे पर्मनंट, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी.

लाइन देताना प्रॉडक्शन मॅनेजरांनी दोन कामं एका दमात सांगितली. रिजेक्शन खाली आण, आणि पोरांना जरा मोटिव्हेट कर. पहिल्या कामासाठी मापं तपासायचे गेज होते, तक्ते होते, आधीच्या सुपरवायझरची वही होती. दुसऱ्यासाठी कंपनीनं एक वक्ता बोलावला. त्यानं सगळ्यांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, ‘मी करू शकतो’ असं तीनदा म्हणायला लावलं. रात्रपाळी करून आलेली पोरं त्यासाठी थांबवली होती. आमच्या लाइनचे मामा, म्हणजे सगळ्यात जुने ऑपरेटर, मागच्या बाकावर बसून शांतपणे झोपले. मला त्यांचा हेवा वाटला.

व्याख्यानापाठोपाठ इन्सेंटिव्ह आला. शिफ्टचं टार्गेट ठरलं, त्यावर निघालेल्या प्रत्येक नगाला काही पैसे. लाइनच्या तोंडाशी फळा लागला, त्यावर मशीननिहाय आकडे. पहिले काही आठवडे आकडे असे चढले, की मॅनेजर पाहुण्यांना मुद्दाम आमच्या फळ्यासमोरून नेऊ लागले. मग ग्राहकाकडून माल परत यायला लागला. कारण लिहिलेलं होतं : बोअर ओव्हल, म्हणजे मधलं भोक गोल नाही. आमच्याकडं तोच माल एअर गेजवर, म्हणजे हवेच्या झोतानं माप घेणाऱ्या साधनावर तपासला, तर एकूण एक नग ओके.

हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण माणसांबद्दल मला जे काही कळलं ते या बोअरमुळं कळलं.

हेड ऑफिसनं सांगितलं, क्वालिटी सर्कल स्थापन करा. क्वालिटी सर्कल जपानात १९६२ साली सुरू झाली, काओरू इशिकावांच्या पुढाकारानं. आपल्याकडं १९८० मध्ये हैदराबादच्या भेलनं ती आणली. कल्पना अशी, की मशीनवर उभ्या असणाऱ्यालाच अडचण ठाऊक असते, तेव्हा अशा पाच-सात जणांनी आठवड्यातून एकदा बसावं, अडचण निवडावी, कारण शोधावं, उपाय करून बघावा. आमच्याकडं ती आली तेव्हा तिच्यासोबत इंग्रजी फॉर्मांची चळत आली. सर्कलला ‘झेप’, ‘प्रगती’ असलं एक नाव द्यायचं, बोधचिन्ह काढायचं, शपथ घ्यायची. माशाच्या काट्यासारखी आकृती काढून त्यात मॅन, मशीन, मटेरियल, मेथड असे काटे भरायचे. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास बैठक. सगळे यायचे आणि बसची वेळ बघत बसायचे. मी विचारायचो, ‘बोअर ओव्हल का होत असेल?’ कुणीतरी म्हणायचं, ‘मटेरियलमध्येच लोचा असेल, सर.’ मी काट्यावर ‘मटेरियल’ लिहायचो. बैठक संपायची.

मामा एकदाही बोलले नाहीत. खरं तर मशीनचा आवाज ऐकून इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, कधी बदलायचा ते सांगणारा माणूस. म्हणून एकदा टपरीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि फॉर्म-बिर्म काही न काढता तेच विचारलं.

मामा म्हणाले, ‘चकचा दाब किती हाय बघितला का तू?’

मी म्हटलं, ‘सेटिंग शीटवर आहे तेवढाच असणार की.’

‘शीट कपाटात असती, बाळा. रेग्युलेटर मशीनवर असतो.’

मग त्यांनी सांगितलं ते असं. (चक म्हणजे नग धरून ठेवणारी मशीनची पकड, जॉ म्हणजे तिचे जबडे, आणि फीड म्हणजे पातं पुढं सरकण्याचा वेग.) टार्गेट लागल्यापासून पोरांनी फीड वाढवला होता. फीड वाढवला की कटिंगचा जोर वाढतो, नग जॉमध्ये सरकतो. एक-दोनदा नग फिरला, इन्सर्ट तुटले. तुटलेल्या इन्सर्टची टूल रजिस्टरमध्ये नावानिशी नोंद होते, म्हणून कुणीतरी चकचा दाब वाढवून ठेवला. नग सरकायचा थांबला. पुढच्या शिफ्टनं तोच दाब राहू दिला. आमच्या फ्लँजची भिंत पातळ आहे. तीन जॉच्या चकमध्ये तिला जास्त दाबानं धरलं की ती तीन ठिकाणी आत दबते. तशा दबलेल्या अवस्थेत बोअर केला तर तो मशीनवर गोल येतो. चक सोडला की दबलेल्या जागा परत बाहेर येतात आणि बोअरला तीन कोन पडतात. फरक मायक्रॉनचा, डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही.

मग गेज ओके कसं दाखवत होतं? याचं उत्तर मामांकडं नव्हतं, ते तपासणीतल्या ताईंकडं होतं. त्यांनी सांगितलं, ‘सर, मी दोनदा म्हटलं होतं. एअर गेज ओके दाखवतंय, पण गो प्लग आत जाताना अडतोय. मला म्हणाले, गेज काय सांगतंय ते बघा.’ गो प्लग म्हणजे भोकात घालून बघायचा गोल दांडा. ताईंच्या हाताला जे कळत होतं ते बरोबर होतं. आमच्या एअर गेजला समोरासमोर दोन जेट. तीन कोनी बोअरमध्ये एका बाजूला फुगवटा असला की बरोबर समोर आत आलेली जागा असते, म्हणून हे अंतर कुठूनही मोजा, सारखंच भरतं. गोल प्लग मात्र अशा बोअरमध्ये अडतो. ग्राहक गोलाई मोजायचं वेगळं मशीन वापरतो, त्यात हे उघडं पडत होतं.

उपाय फार मोठा नव्हता. नगाला जवळपास पूर्ण वळसा घालून धरणारे रुंद सॉफ्ट जॉ करून घेतले, म्हणजे दाब तीन बिंदूंवर न पडता पसरतो. फीड मूळ आकड्यावर आणला, दाब कमी केला, रेग्युलेटरला कुलूप लावलं आणि तीन जेटचा एअर प्लग मागवला. अडलं ते इन्सेंटिव्हपाशी. फीड खाली आणला म्हणजे नग कमी, नग कमी म्हणजे हातात येणारे पैसे कमी. मॅनेजरांना मी काटेवाली आकृती घेऊन भेटलो. ‘मेथड’च्या काट्याखाली एकामागून एक ‘का’ विचारत गेल्यावर शेवटच्या ‘का’ला उत्तर होतं, फळ्यावरचं टार्गेट. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘हे ग्राहकाला पाठवायच्या रिपोर्टमध्ये लिहू नकोस.’ रिपोर्टमध्ये ‘अयोग्य क्लॅम्पिंग दाब’ असं गेलं. इन्सेंटिव्हचा हिशोब मात्र त्यांनी बदलला, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं : मशीनवर निघालेल्या नगांऐवजी शेवटच्या तपासणीत पास झालेले नग, तेही पूर्ण लाइनचे मिळून. पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांचे पैसे घटले आणि त्यांनी मला चहाच्या टपरीवर जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या प्रकरणानंतर आम्ही इंग्रजी फॉर्म बाजूला ठेवले. ताईंचं अक्षर चांगलं. त्या मराठीत वहीत लिहायच्या, मी घरी जाऊन त्यातलं फॉर्ममध्ये भरायचो. मामा सातवीपर्यंत शिकलेले. लिहायची सक्ती गेल्यावर ते बोलायला लागले आणि मग त्यांना थांबवणं हेच काम होऊन बसलं. आधीचं ते गप्प बसणं आळसाचं नव्हतं. त्यांनी तिशी ओलांडल्यापासून मशीनचं बोट धरलेलं, आणि इथं चार पोरांसमोर स्पेलिंग विचारायची वेळ आणली होती आम्ही.

त्याच सुमारास मी स्वतः पुस्तकात ‘अभिप्रेरण’, म्हणजे मोटिव्हेशन, नावाचा धडा वाचत होतो. आमच्याकडं सुपरवायझरला स्टाफ ग्रेड हवी असेल तर डिप्लोमा किंवा कुठलीही पदवी लागते. डिप्लोमासाठी नोकरी सोडायची तर घर चालेना. मग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बीकॉमला नाव घातलं. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद, आणि भोसरी-चाकणच्या कितीतरी कॉट बेसिसवरच्या खोल्यांत त्याची पुस्तकं सापडतील. धड्यात अब्राहम मॅस्लोनं १९४३ साली मांडलेल्या गरजांच्या क्रमाचा पिरॅमिड होता, फ्रेडरिक हर्झबर्ग होता. हर्झबर्गचं म्हणणं असं, की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, पण चांगल्या असल्या म्हणून उत्साही होतो असं नाही. उत्साह येतो तो काहीतरी साध्य केल्यानं, दखल घेतली गेल्यानं, पुढं जायची वाट दिसल्यानं. मला पटलं, पण अर्धंच. त्यानं १९५९ मध्ये जे मांडलं ते पिट्सबर्गकडच्या शे-दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारून. आमच्या डीबरिंगवरच्या कंत्राटी पोराला विचारलं असतं तर पगार कुठल्या खान्यात टाकायचा हे त्यानं नीट सांगितलं असतं.

पण ‘पुढं जायची वाट’ हे शब्द डोक्यात राहिले. आमच्या प्रत्येक लाइनवर स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत कामं, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचं वर्तुळ. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. हा तक्ताही ऑडिटपुरता रंगवला जातो. मी त्याच्या उजव्या कडेला मार्करनं एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, ‘पुढं काय?’ शिफ्ट बदलताना जो तो आपापलं सांगेल, मी लिहीन, असं ठरलं.

पहिले दोन दिवस चेष्टा. एकानं ‘आमदार’ सांगितलं, एकानं ‘लग्न’. मग हळूहळू खरं यायला लागलं. जालन्याकडचा एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याला सगळे ‘भरती’च म्हणायचे, रकान्यात वेगळं लिहायची गरजच पडली नाही. व्हीएमसीवरच्या ट्रेनीला प्रोग्रॅमिंग शिकून सेटर व्हायचं होतं. ताईंनी बराच वेळ घेतला आणि मग सांगितलं, ‘बारावी.’ दहावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं होतं. मामा म्हणाले, ‘मला काय विचारतो, माझं पुढं रिटायरमेंट.’ जरा थांबून म्हणाले, ‘जायच्या आधी हे मशीन कुणाला तरी नीट दाखवून जायचंय. गाढवाच्या हातात नको.’

आणि कंत्राटी पोरांपैकी एकामागून एक, पाच-सहा जणांनी एकच शब्द सांगितला : पर्मनंट.

तो मी लिहिला. रकान्यात खालपर्यंत पर्मनंट, पर्मनंट, पर्मनंट. या शब्दापुढं माझ्या हातात काही नव्हतं. कुणाला कायम करायचं हे सुपरवायझर ठरवत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. प्लांट हेड फेरीला आले, तक्त्यासमोर थांबले, आणि मॅनेजरांमार्फत निरोप आला की कंट्रोल्ड डॉक्युमेंटवर हातानं काही लिहायचं नसतं. रकाना पुसला गेला. त्याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही, कारण तोवर दुसरी एक गोष्ट लक्षात आली होती. काही जणांना जे सांगायचं होतं ते फळ्यावर सांगण्यासारखं नव्हतं. एकावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, त्याला हव्या होत्या फक्त जास्तीत जास्त ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. एकाला दारू सोडायची होती, आणि त्याला रात्रपाळीनंतरची सकाळ नको होती. हे सगळं माझ्या खिशातल्या डायरीत गेलं आणि तिथंच बरं राहिलं.

डायरी भरल्यावर कळलं, की माझ्या हातात पगार नाही, बढती नाही, कायम करणं नाही. पण शिफ्टचा तक्ता आहे. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. दर आठवड्याला सगळे एक पायरी सरकतात. हा नियम सगळ्यांना सारखा म्हणून न्याय्य समजला जातो. पण डायरी शेजारी ठेवून तक्ता वाचला तर दिसत होतं, की तो कुणाच्याच सोयीचा नाही.

‘भरती’ला पहाटे पळायला हवं. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण : १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात टिकला तर पुढं १०० गुणांची लेखी. फर्स्ट शिफ्टला तो धावायला मुकायचा, थर्डला झोपेला. त्याला मी विचारलं, ‘कायमची सेकंड चालेल?’ सेकंड ही सगळ्यात नकोशी शिफ्ट; संध्याकाळ जाते, घरच्यांचं तोंड दिसत नाही, रात्री बाराला रिक्षावाला दुप्पट मागतो. त्यानं उडी मारली. पहाटे इंद्रायणीनगरच्या मैदानावर, दुपारपर्यंत अभ्यासिकेत, साडेतीनला मशीनवर. तो कायम सेकंडला बसला म्हणून इतरांच्या वाट्याची सेकंड कमी झाली. कर्जवाल्यानं आपणहून थर्ड मागून घेतली, कारण सकाळी कुणी आलं नाही तर थांबून ओटी करायला तोच जागेवर असायचा. दारू सोडणाऱ्याला फर्स्ट दिली आणि मामांच्या शेजारच्या मशीनवर. मामांना कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही, पण शिफ्ट सुटल्यावर त्याला आपल्यासोबत बसमध्ये घालायला लागले.

हे सगळं एका बैठकीत जमलं असं समजू नका. ‘त्याला फर्स्ट आणि मला का नाही’ यावरून भांडणं झाली, एक माणूस एचआरकडं तक्रार घेऊन गेला. ती तक्रार रास्त होती. सगळ्यांना सारखी फेरी असते तेव्हा सुपरवायझरच्या मर्जीला जागा नसते. मी ती जागा तयार केली होती. त्यावर मार्ग असा काढला, की पुढच्या महिन्याचा तक्ता सगळ्यांसमोर मांडायचा, ज्याला जे हवं त्यानं बदल्यात काहीतरी नकोसं उचलायचं, आणि कुणाचाही ठोस आक्षेप असला तर तो आठवडा जुन्या फेरीप्रमाणे. मर्जी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. दिसायला लागली, एवढंच.

ताईंचं गणित वेगळं. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, हे त्यांना माहीत नव्हतं. कॉलेज शोधणं, शाळा सोडल्याचा दाखला गावाहून आणणं, हे त्यांच्या मिस्टरांनी केलं. अडचण पुढं होती. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, आणि कारखान्यात मार्च एंड म्हणजे लग्नघर. डिस्पॅचचा सगळा भार शेवटच्या तपासणीवर. पेपर लागोपाठ नसतात, मध्ये दिवस जातात, त्यामुळं सलग रजाही उपयोगाची नाही. जानेवारीपासून व्हीएमसीच्या ट्रेनीला त्यांच्या हाताखाली दिलं. त्यांनी त्याला एअर गेज, प्लग, थ्रेड गेज, सगळं शिकवलं. परीक्षेच्या दिवशी त्या सकाळी पेपरला जायच्या, तो तपासणी सांभाळायचा. मॅट्रिक्समध्ये त्याच्या वर्तुळाचे तीन भाग काळे झाले आणि ताईंच्या वर्तुळाचे चारही. ताई पास झाल्या. पेढे आणले तेव्हा मामा म्हणाले, ‘आता साहेबच व्हा तुम्ही,’ आणि ताई म्हणाल्या, ‘आधी तुमचं मशीन शिकते.’

ट्रेनीचं मात्र मॅनेजरांशी चांगलंच वाजलं. म्हणजे माझं वाजलं. त्या पोराला मी मशीनच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलवर बसवून प्रोग्रॅम वाचायला शिकवलं होतं. ऑफसेट, टूल पाथ, सब-प्रोग्रॅम. हुशार होता. चाकणच्या एका कंपनीनं सेटर म्हणून उचलला, पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. मॅनेजर म्हणाले, ‘तू पोरं शिकवून बाहेर घालवतोस. आपण काय क्लास काढलाय?’ यावर माझ्याकडं उत्तर होतं आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. तो पोरगा शिकला नसता तरी गेला असता. हजार रुपये जास्त मिळतात म्हणून ट्रेनी शेजारच्या गेटात जातात हे रोजचं आहे. शिकत होता म्हणून तो टिकला, आणि टिकला म्हणून त्या मार्चात तपासणी उभी राहिली. शिवाय नोटिशीचे दिवस पूर्ण करून, मागच्या पोराला सेटिंग दाखवून गेला. मॅनेजर ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडं ‘बघू’चा अर्थ नाही असा होतो, पण पुढच्या ट्रेनीला कंट्रोलला हात लावू देऊ नकोस असं ते म्हणाले नाहीत.

‘भरती’ मैदानात निघाला आणि लेखीच्या मेरिटमध्ये थोडक्यात राहिला. चार दिवस कामावर आला नाही. मग आला, कार्ड पंच केलं आणि म्हणाला, ‘सर, सेकंडच ठेवा.’ मी काही समजुतीचं बोलायच्या तयारीत होतो, त्यानं ती वेळ येऊ दिली नाही. मामांच्या मशीनवर आता तोच बसतो. मामांच्या मते तो गाढव नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडून निघत नाही.

राहिला माझा रविवार. भोसरी-पिंपरी भागातले बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात. विजेचा भार वाटून घेण्यासाठी ठरलेली ही सुट्टी. मुक्त विद्यापीठाची संपर्क सत्रं मात्र रविवारी. म्हणजे जग सुट्टीवर असतं तेव्हा आम्ही मशीनवर, आणि आमच्या सुट्टीला अभ्यास केंद्र बंद. नाव घातलं तेव्हा पहिल्या वर्षाची जवळपास सगळी सत्रं अशीच हुकली, पुस्तकं घरी वाचून परीक्षा दिली. लोकांच्या वेळा जुळवून देणाऱ्यानं स्वतःची वेळ गुपचूप जुळवून घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी माझंही डायरीतून तक्त्यावर आणलं. बाकीच्या दोन सुपरवायझरांना म्हटलं, मला रविवारची सकाळ द्या, बदल्यात गुरुवारचं मेंटेनन्स माझं. गुरुवारी मशीनं उघडली जातात, तेव्हा लाइनवरचं कुणीतरी हजर लागतंच आणि ते कुणालाच नको असतं. दोघांनी लगेच हात पुढं केला. आता गुरुवारी तेलात हात, रविवारी खर्च लेखांकनाच्या तासाला तेलाचा वास. शेजारी बसणारे बँकेतले शिपाई, अंगणवाडी सेविका, एक एसटी कंडक्टर. त्यांच्याही सुट्ट्यांची अशीच ओढाताण. तिथं वर्गात ‘अभिप्रेरण’ शिकवणाऱ्या सरांनी एकदा विचारलं, तुम्हाला इथं यायला काय प्रवृत्त करतं? कंडक्टर म्हणाला, ‘सर, डेपो मॅनेजरनं ड्युटी बदलून दिली.’ सर हसले आणि पिरॅमिडकडं वळले. मी ते उत्तर वहीत लिहून घेतलं.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. पदवी हातात आली की स्टाफ ग्रेडसाठी अर्ज करता येईल; ग्रेड मिळेल का, ते जागा आणि बजेट यांवर आहे. मधल्या काळात एचआरनं माझ्या डायरीबद्दल ऐकलं आणि तिचा फॉरमॅट करून सगळ्या लाइनींना द्यावा असं सुचवलं. फॉर्मचा नंबर, आवृत्ती, खाली कर्मचाऱ्याची सही. मी म्हटलं, फॉर्म करा, पण तो भरणाऱ्याच्या हातात शिफ्टचा तक्ता द्या. नुसता फॉर्म दिला तर सगळीकडं ‘कंपनीची प्रगती’ असं भरून येईल. अजून त्यावर निर्णय नाही.

सध्याची अडचण ताजी आहे. ताईंनी बारावीनंतर मुक्त विद्यापीठातच नाव घातलं, तेच अभ्यास केंद्र, तोच रविवार. त्यामुळं सुपरवायझर आणि शेवटची तपासणी दोन्ही एकाच सकाळी रिकामी होतात, आणि हे मॅनेजरांना सांगायची माझी हिंमत नाही. ट्रेनी गेल्यापासून, ताई सोडल्या तर, तपासणीत तीन भाग काळं वर्तुळ कुणाचंच नाही. डीबरिंगवरचा एक पोरगा शिकतोय, त्याला थ्रेड गेज अजून नीट जमत नाही. तो तयार होईपर्यंत एक रविवार ताईंचा आणि एक माझा, असं चाललंय. या महिन्यात तीन सत्रं त्यांची लागली, कारण त्यांच्या वर्गात हजेरी बघतात.